शिट्टीमागचा दम



पंच हा शब्द आपल्या गावाला नवा नाही. चार जाणती माणसं एकत्र बसून निवाडा करीत, ही आपल्याकडची जुनी रीत. तो पंच पारावर बसे, दोन्ही बाजू ऐकून घेई, घटकाभर विचार करी आणि मग सावकाश निकाल सांगे. आज मी ज्या पंचाविषयी बोलणार आहे, त्याला बसायला पार नाही आणि विचाराला सवडही नाही. धावता धावता पाहायचं, आणि छाती भात्यासारखी वरखाली होत असतानाच निकाल द्यायचा, असं त्याचं काम. हा पंच म्हणजे फुटबॉलचा पंच.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात कारखाने उभे राहिले तशी देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसं इथं आली. केरळ, बंगाल, मणिपूर या फुटबॉलवेड्या प्रांतांतूनही आली. माणसांबरोबर त्यांचे खेळही येतात. आज या भागातल्या शाळांच्या पटांगणावर कबड्डी-खोखोच्या जोडीनं फुटबॉलही दिसतो. शाळाशाळांचे सामने भरले की गळ्यात शिट्टी अडकवून मैदानात उतरतात ते बहुधा शाळेतले गुरुजी किंवा बाई. तेव्हा हा विषय शिक्षक बंधुभगिनींच्या जवळचा आहे, आणि ज्यांची मुलं खेळतात त्या पालकांच्याही.

आधी मैदानाचा हिशेब पाहू. कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे जेमतेम सव्वा गुंठा. तिथंही एकाहून अधिक पंच असतात. क्रिकेटचा पंच यष्टींच्या मागं किंवा बाजूला उभा असतो; उन्हाचा त्रास त्यालाही आहे, पण पळापळ नाही. मोठ्या सामन्यांचं फुटबॉलचं मैदान मात्र साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर सत्तर गुंठे, पावणेदोन एकर रान! त्यात बावीस जण धावतात आणि चेंडू कुठंही जातो. एवढं रान राखायला आत माणूस एकच. बाहेरच्या रेषांवर दोन सहायक पंच असतात, पण मैदानाच्या आत शिट्टी एकाच्याच तोंडात.

आता हा माणूस किती धावतो? युरोपातल्या अभ्यासकांनी मोठ्या सामन्यांतल्या पंचांचं धावणं मोजलं आहे. नव्वद मिनिटांत हा पंच साधारण दहा ते बारा किलोमीटर अंतर तोडतो. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं निगडीहून निघून दापोडी गाठावी, जवळजवळ तेवढी ही मजल. सहायक पंच रेषेवरच असला तरी त्याचीही सहा-सात किलोमीटर धाव होते.

कुणी म्हणेल, बारा किलोमीटरचं काय एवढं? आमची पोरं रोज शाळेला चालत जातात, बाया डोईवर हंडा घेऊन टेकडी चढतात. म्हणणं खरं आहे. परंतु सरळ वाटेनं एका चालीनं चालणं वेगळं आणि हे धावणं वेगळं. चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी मालमोटारींची रांग लागते, ती पाहा. मोटार चार हात पुढं सरकते, थांबते, पुन्हा जोर लावून निघते, पुन्हा थांबते. मोकळ्या रस्त्यावर लागतं त्याहून कितीतरी जास्त तेल अशा थांबण्या-निघण्यात जळतं. पंचाच्या अंगातली शक्तीही तशीच जळते. दर काही सेकंदांनी त्याची चाल बदलते. आता चाल, आता हलकी धाव, आता जीव खाऊन धाव, आता उलट्या पावली मागं, आता बाजूला तोंड करून तिरपी पळ. उलटं आणि तिरपं धावायचं कारण उघड आहे. खेळाकडे पाठ फिरवली की पंच आंधळा झाला.

नाडी काय सांगते ते बघू. माणसाचं हृदय मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके देऊ शकतं, याचा एक ढोबळ आडाखा आहे. २२० मधून आपलं वय वजा करायचं. चाळीस वर्षांच्या पंचाचा आकडा झाला १८०. सामन्यात मोठ्या पंचांची नाडी सरासरीनं या कमाल आकड्याच्या ८५ टक्क्यांच्या आसपास चालते, असं मोजणीत आढळलं. म्हणजे चाळिशीच्या माणसाच्या हृदयाचे मिनिटाला दीडशेच्या वर ठोके, आणि तेही तास-दीड तास. भरल्या गाडीला चढावर जुंपलेल्या बैलाचा ऊर कसा धपापतो, ते ज्यानं पाहिलं आहे त्याला हा आकडा समजावून सांगायला नको.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. खेळाडू बहुधा वीस ते तीस वर्षांचे असतात. पंच त्यांच्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठा असतो, कारण अनुभव यायला वय लागतं. खेळाडू दमला तर शिक्षक त्याला बाहेर घेतो आणि बदली खेळाडू आत सोडतो. पंच दमला म्हणून त्याला कुणी बाहेर घेत नाही. दुखापत झाली तरच दुसरा येतो. गोलरक्षक आपल्या जागी थांबू शकतो, बचावाचा गडी चेंडू पलीकडे गेला की श्वास घेऊ शकतो. पंचाला मात्र चेंडू जिकडं तिकडं जावं लागतं. खेळाडूनं चाळीस मीटरांचा एक फटका मारला की चेंडू दोन-अडीच सेकंदांत पोहोचतो. पंचाला तेवढं अंतर पायांनीच कापावं लागतं.

पण हे सगळं ऊर फुटेस्तोवर धावणं कशासाठी? लांबून दिसत नाही का? इथंच विषयाचं मर्म आहे. दोन खेळाडू एका चेंडूसाठी झेपावतात. एकाचा पाय आधी चेंडूला लागला की आधी दुसऱ्याच्या नडगीला? चाळीस मीटरांवरून हे ओळखता येत नाही. समोर एखादा तिसरा गडी आला तर वीस मीटरांवरूनही नाही. २००९ साली दक्षिण आफ्रिकेत कॉन्फेडरेशन्स चषकाची स्पर्धा झाली. तिच्यातल्या पंचांच्या निर्णयांची अभ्यासकांनी चित्रफितींवरून छाननी केली. पंच अकरा ते पंधरा मीटरांवर असताना चुका सर्वांत कमी होत्या, आणि सामन्याच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत चुकांचं प्रमाण वाढलं होतं. शेवटची पंधरा मिनिटं, म्हणजे पाय जड पडतात तीच वेळ. नियम तेच असतात, पंचाची नियतही तीच असते. पण पाय मागं राहिले की डोळेही मागं राहतात.

निर्णय तरी किती द्यायचे? २००० सालच्या युरोपियन अजिंक्यपद स्पर्धेच्या सामन्यांत पंचांचे दिसणारे निर्णय मोजले, तेव्हा एका सामन्यात सरासरी १३७ भरले. मिनिटाला दीड म्हणा ना! शिवाय शिट्टी न वाजवता खेळ चालू ठेवला, हाही निर्णयच. तो कुणाच्या हिशेबात येत नाही. आपण शिक्षक मंडळी वर्गात स्वस्थ बसून उत्तरपत्रिका तपासतो, तरी शेवटच्या गठ्ठ्याला मान धरते आणि नजर चुकते. मग जिने चढता चढता तपासायला सांगितलं तर काय होईल?

शहाणा पंच अर्थात वाटेल तसा धावत नाही. सर स्टॅन्ली राऊस या इंग्लिश पंचानं एक युक्ती रूढ केली. हा गृहस्थ पेशानं शिक्षकच होता, आणि पुढं १९६१ ते १९७४ या काळात फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष झाला. पंचानं मैदानाच्या एका कोपऱ्याकडून समोरच्या तिरप्या कोपऱ्याकडे जाणारी एक कर्णरेषा मनात धरायची आणि तिच्या आसपास धावायचं. उरलेल्या दोन बाजूंना एकेक सहायक पंच आपापला अर्धा भाग सांभाळतो. असं केलं की खेळ बहुतेक वेळ मुख्य पंच आणि सहायक पंच यांच्या मध्ये राहतो आणि दोन बाजूंनी नजर पडते. भूमितीतला कर्ण असा मैदानात उपयोगी पडतो, हे गुरुजींनी मुलांना अवश्य दाखवावं. पण ही रचना तीन माणसांची आहे. शाळेच्या सामन्यात पुष्कळदा रेषांवर कुणीच नसतं. मग कर्णही त्यानंच धावायचा आणि ऑफसाइडही त्यानंच पाहायचं.

आता आपल्या शेजारचंच उदाहरण सांगतो. वाकडहून मुळा नदी ओलांडली की म्हाळुंगे-बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल लागतं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी ते उभारलं गेलं. तिथं ३ फेब्रुवारी २०२२ रोजी महिलांच्या आशियाई चषकाचा उपांत्य सामना झाला, चीन विरुद्ध जपान. नव्वद मिनिटांत एक-एक अशी बरोबरी झाली. नियमाप्रमाणे अर्ध्या तासाचा जादा खेळ सुरू झाला. त्यात जपाननं दुसरा गोल केला. सामना संपला असंच वाटत होतं, तोच ११९ व्या मिनिटाला चीननं बरोबरी साधली! मग पेनल्टीच्या फटक्यांवर चीननं चार-तीन असा सामना जिंकला, आणि तीनच दिवसांनी नवी मुंबईत चषकही जिंकला.

आपण लक्षात ठेवतो ते गोल करणाऱ्या मुलीला, आणि ते योग्यच आहे. पण जरा पंचाच्या जागी उभे राहून विचार करा. एकशे एकोणिसावं मिनिट. दोन तास होत आले आहेत. दोन्ही संघांनी मध्ये ताज्या दमाच्या मुली उतरवल्या आहेत. पंच मात्र पहिल्या मिनिटाला होती तीच. त्या क्षणी गोलासमोर गर्दी झाली, कुणी कुणाला ढकललं का, चेंडू हाताला लागला का, हे तिला जवळ जाऊन पाहावंच लागतं. तिथं ती पंधरा मीटर मागं राहिली असती आणि चुकली असती, तर एका देशाचा चषक त्या पंधरा मीटरांत गेला असता. आज मोठ्या स्पर्धांत चित्रफीत पाहून पंचाला मदत करणारी माणसं पडद्यासमोर बसलेली असतात. शाळेच्या मैदानावर ती सोय नाही. तिथं जे काही आहे ते पंचाचे पाय आणि पंचाचे डोळे.

म्हणूनच फिफा पंचांची परीक्षा कागदावर घेऊन थांबत नाही, मैदानावरही घेते. पुरुष आंतरराष्ट्रीय पंचाला चाळीस मीटरांची दौड सहा वेळा, प्रत्येक वेळी सहा सेकंदांच्या आत पुरी करावी लागते; मध्ये विश्रांती एका मिनिटाची. त्यानंतर दुसरी कसोटी. ७५ मीटर १५ सेकंदांत धावायचे, मग २५ मीटर १८ सेकंदांत चालायचे, असं चाळीस वेळा. हिशेब मुलांकडून करून घ्या. एकंदर चार किलोमीटर, बावीस मिनिटांत, आणि त्यातले तीन किलोमीटर वेगानं धावत. चाळीस वर्षांच्या गृहस्थानं हे करून दाखवायचं! जमलं नाही तर नियम कितीही मुखोद्गत असोत, मोठा सामना मिळत नाही.

ज्यांनी हे करून दाखवलं त्यांची नावं आपल्याकडे फारशी ऐकू येत नाहीत. तामिळनाडूचे के. शंकर हे २००२ साली जपान-कोरियात भरलेल्या विश्वचषकात सहायक पंच होते. गोव्याच्या उवेना फर्नांडिस या २०१६ साली जॉर्डनमध्ये झालेल्या मुलींच्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात सहायक पंच होत्या. आणि १ डिसेंबर २०२२ रोजी कतारमध्ये कोस्टा रिका आणि जर्मनी यांच्या सामन्यात फ्रान्सच्या स्तेफानी फ्रापार यांनी शिट्टी वाजवली. पुरुषांच्या विश्वचषकात मुख्य पंच झालेली ही पहिली स्त्री. तेव्हा आपल्या शाळेतल्या मुलींच्या हाती शिट्टी द्यायला संकोच नको.

आता आपल्या मैदानावर येऊ. मोठ्या सामन्यातला पंच आठवड्याला एखादा सामना करतो. आपल्याकडे शालेय स्पर्धेत वेळ थोडा आणि संघ फार. सामने लहान असतात हे खरं, पण एकच शिक्षक सकाळपासून दुपारपर्यंत चार-पाच सामन्यांची शिट्टी फुंकतो. मैदान मुरमाड, सावली कुठं नाही, डोक्यावर ऊन. दोन सामन्यांच्या मध्ये खेळाडू झाडाखाली बसतात, आणि पंच पुढच्या संघांची नावं लिहीत उभा असतो. चाकण-भोसरीकडे कामगारांचे सामने होतात, तिथं पंच स्वतः रात्रपाळी करून आलेला असेल तर विचारायलाच नको.

उन्हात धावताना घामावाटे पाणी जातं. वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झालं की थकवा वाढतो आणि लक्ष विचलित होऊ लागतं. साठ किलोच्या माणसाला हे दोन टक्के म्हणजे सव्वा लिटरच्या आतच. उन्हात तासाभराच्या धावपळीत तेवढा घाम सहज जातो. २०१४ साली ब्राझीलच्या विश्वचषकात ऊन आणि दमट हवा एका मर्यादेपलीकडे गेली की खेळ मध्येच थांबवून पाणी देण्याची सोय केली होती. जगातल्या सर्वांत धट्ट्याकट्ट्या खेळाडूंना जे लागतं, ते आपल्या गुरुजींना का लागू नये?

तेव्हा काही साध्या गोष्टी सुचवतो. यांना पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट, एका पंचाकडे लागोपाठ सामने देऊ नयेत. दोन शिक्षक असतील तर आळीपाळीनं काम करावं. एकानं शिट्टी घ्यावी तेव्हा दुसऱ्यानं रेषेवर थांबावं. वरच्या वर्गातली जाणती मुलं-मुली रेषेवर उभी करावीत. त्यांना नियम कळतात आणि पंचाचा भारही हलका होतो.

दुसरी, पंचानंही खेळाडूंसारखं सामन्याआधी पंधरा मिनिटं अंग गरम करावं. पोटऱ्या आणि मांड्या थंड असताना एकदम दौड घेतली की शीर धरते किंवा स्नायू तुटतो. खेळ थांबला की त्यानंही दोन घोट पाणी प्यावं. यात कमीपणा नाही.

तिसरी, आठवड्यातून तीन दिवस सराव करावा. फिफाची कसोटी आपल्या बेतानं सोपी करून घ्या. ७५ मीटर २० सेकंदांत धावा, २५ मीटर सावकाश चाला. पहिल्या आठवड्यात दहा वेळा, मग पंधरा, मग वीस. थोडं उलट्या पावली आणि तिरपं धावण्याचाही सराव असावा. शाळेचं पटांगण त्याला पुरेसं आहे.

चौथी, आणि ही सर्वांत महत्त्वाची. चाळिशी ओलांडलेल्या पंचानं हंगामापूर्वी डॉक्टरांकडून रक्तदाब आणि हृदय तपासून घ्यावं. वर्षभर खुर्चीत बसून डिसेंबरात एकदम धावायला लागणं हे हृदयाशी वैर आहे. छातीत दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर शिट्टी दुसऱ्याच्या हाती द्यावी. सामना पुन्हा भरवता येतो.

शेवटची गोष्ट प्रेक्षकांसाठी. कोल्हापुरात तालमी-तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा अख्खी पेठ मागं उभी असते. असं प्रेम खेळाला मिळणं हे भाग्य आहे. पण कोल्हापूर असो की चाकण, निर्णय विरुद्ध गेला की आपण पहिला संशय पंचाच्या इमानावर घेतो. ‘विकला गेला,’ असं म्हणून मोकळे होतो. पुढच्या वेळी तोंड उघडण्यापूर्वी एवढंच पाहा, त्या क्षणी पंच चेंडूपासून किती लांब होता, आणि त्याआधी किती वेळ न थांबता धावत होता. पुष्कळदा उत्तर तिथंच सापडेल. दमलेल्या माणसाला शिव्या देऊन त्याचे पाय काही वेगानं पळत नाहीत. मुलंही आपलं पाहूनच शिकतात. बाप पंचाला शिवी देतो तिथं मुलगा उद्या वर्गात गुरुजींचं का ऐकेल?

खेळातून मुलांना काय मिळावं? बळ मिळावं, संघभावना मिळावी, आणि न्यायानं हरायला-जिंकायला यावं. यातली शेवटची गोष्ट पंचावाचून मिळत नाही, आणि पंचाला ती धापा टाकत देता येत नाही. आपण संघ तयार करतो तसे पंचही तयार केले पाहिजेत. येत्या हंगामात आपल्या शाळेचा संघ निवडाल त्याच दिवशी दोन पंचही निवडा, आणि संघ सरावाला उतरेल तेव्हा त्यांनाही शेजारी धावायला लावा.